पोकलेनच्या डिस्प्लेवर एकदम पाच कोड? कंट्रोलर बदलण्याआधी दोन वायरी मोजा

होळी झाली की भोकरदन तालुक्यात पोकलेनला उसंत नसते. शेततळी, विहिरी, तलावातला गाळ, नदी-नाल्याकाठचे बांध, जे काही खणायचं ते पावसाआधीच. ‘पोकलेन’ हे खरं तर एका फ्रेंच कंपनीचं नाव, पण डालडासारखं ते आपल्याकडे सगळ्याच कंपन्यांच्या हायड्रॉलिक एक्स्कॅव्हेटरला चिकटलं. नवं मशीन आवाक्याबाहेर असतं. त्यामुळे काही वर्षं ऑपरेटर म्हणून काढलेली आपली मुलं दोघं-तिघं मिळून, हप्त्यावर जुनं मशीन घेतात. मशीन बंद पडलं तरी हप्ता थांबत नाही. म्हणून आज आम्ही या जुन्या मशीनमधल्या एका फसव्या बिघाडाबद्दल लिहीत आहोत.

बिघाड साधारण असा दिसतो. काल चांगलं चाललेलं मशीन आज चावी फिरवल्यावर डिस्प्लेवर चार-पाच कोड एकदम दाखवतं. इंजिनची रेस वाढत नाही, पंप जोर देत नाही, कधी डिस्प्लेच कोरा राहतो. तासाभराने सगळं आपोआप ठीक होतं आणि दुपारी पुन्हा तेच. कोणीतरी सांगतं, ‘कंट्रोलर गेला.’ मग जुना कंट्रोलर शोधायचा, मोठी रक्कम मोजायची. तो बसवल्यावरही कोड तसेच राहिले तर पैसाही गेला आणि सीझनही.

दोन वायरींवरचं बोलणं

जुन्या साध्या मशीनमध्ये रेसची केबल थेट इंजिनपर्यंत जायची. आताच्या मशीनमध्ये इंजिनचा कंट्रोलर वेगळा, पंपाचा वेगळा, डिस्प्ले वेगळा, काहींत जीपीएसचा डबाही. हे सगळे पीळ दिलेल्या दोन वायरींवरून एकमेकांशी बोलतात. या पद्धतीला ‘कॅन’ म्हणतात. जर्मनीच्या बॉश कंपनीने ती 1986 मध्ये जगासमोर आणली. अवजड मशीनसाठी त्यावर ‘जे-1939’ नावाचे नियम आले.

चावडीवर सगळे एकाच ठिकाणी बसून बोलतात, तसंच हे आहे. एकानेच सतत गोंधळ घातला तर कोणाचंच कोणाला ऐकू येत नाही. म्हणून एक वायर घासली तरी पाच कोड येतात. पाच कोड म्हणजे पाच बिघाड नव्हेत.

कोड नीट वाचा

जे-1939 च्या कोडला दोन आकडे असतात. पहिला (एसपीएन) कशाबद्दल तक्रार आहे ते सांगतो, दुसरा (एफएमआय) काय तक्रार आहे ते. एफएमआय 9 म्हणजे ‘निरोप वेळेवर येत नाही’. एसपीएन 639 म्हणजे तक्रार या दोन वायरींच्या जाळ्याबद्दलच आहे. काही कंपन्या स्वतःचे वेगळे कोड वापरतात, तिथे त्या मॉडेलचं पुस्तकच पाहावं लागतं.

इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. तक्रार करणारा कंट्रोलर बिघडलेला असेलच असं नाही, उलट तो जागा आहे म्हणून तर बोलतोय. डिस्प्ले आणि पंप दोघंही म्हणत असतील की इंजिनचा निरोप येत नाही, तर गप्प आहे तो इंजिनचा कंट्रोलर. पण गप्प म्हणजे मेलेला नव्हे. आधी त्याचा फ्यूज, रिले, 24 व्होल्टचा सप्लाय आणि अर्थिंग तपासा. सेल मारताना बॅटरी फार खाली बसत असेल तरी कंट्रोलर मध्येच झोपतात.

मल्टिमीटरची दोन मापं

पहिलं माप ओहमचं. बकेट जमिनीवर टेका, चावी काढा, बॅटरीचा मेन स्विच बंद करून काही मिनिटं थांबा. करंट चालू असताना ओहम मोजलं तर आकडा खोटा येतो. मग डायग्नोस्टिक सॉकेटमधल्या दोन कॅन वायरींमध्ये मोजा. नऊ पिनांच्या गोल सॉकेटमध्ये त्या बहुतेक वेळा सी आणि डी या पिना असतात. या वायरींच्या दोन टोकांना 120 ओहमचा एकेक रेझिस्टर असतो, म्हणून दोन्ही मिळून 60 यायला हवेत.

- सुमारे 60: दोन्ही टोकं जागेवर आहेत.
- सुमारे 120: एक टोक तुटलंय किंवा एक रेझिस्टर गायब आहे.
- सुमारे 40: कोणीतरी तिसरा रेझिस्टर घातलाय.
- शून्याजवळ: दोन्ही वायरी एकमेकींना चिकटल्यात.

दुसरं माप व्होल्टचं. चावी ऑन करून प्रत्येक वायर अर्थिंगशी मोजा. एक अडीच व्होल्टच्या किंचित वर आणि दुसरी किंचित खाली हवी. एखादीवर शून्य आलं तर ती बॉडीला लागलीय. 24 च्या आसपास आलं तर बॅटरीच्या वायरला लागलीय.

माप चुकीचं आलं तर एकेक कंट्रोलर सोडवत जा. प्रत्येक वेळी मेन स्विच बंद करूनच कनेक्टर काढा आणि पुन्हा मोजा. ज्याला सोडवल्यावर माप सुधारतं, तो कंट्रोलर किंवा त्याच्याकडे जाणारी वायर संशयित. मात्र टोकाचा रेझिस्टर काही कंट्रोलरच्या आतच असतो, तो सोडवला की 120 येणारच, तिथे फसू नका. काही मशीनमध्ये अशी दोन-तीन जाळी असतात, प्रत्येक वेगळं मोजावं लागतं.

जुन्या मशीनची दुखणी

केबिनमधून इंजिनकडे जाणारी वायरिंग पत्र्याच्या कडेला घासते. पावसाळ्यात उभ्या मशीनमध्ये उंदीर वायरी कुरतडतात. प्रेशरने धुताना कनेक्टरमध्ये पाणी जाऊन पिना हिरव्या पडतात. बकेटला वेल्डिंग करताना बॅटरी आणि कंट्रोलर सोडवले नाहीत तर कंट्रोलर खरोखरच जळू शकतो. पंखा, टेप, जीपीएस यांच्यासाठी मध्येच मारलेले जोड हेही नेहमीचं कारण. म्हणून मशीन चालू ठेवून वायरिंग हाताने हळूच हलवून बघा, हलणारे पार्ट मात्र दूर ठेवा. वायरीला सुई टोचून मोजू नका, त्याच भोकातून पुढे पाणी शिरतं. दुरुस्त केलेल्या वायरींना पुन्हा पीळ द्या.

घेणाऱ्यांनी आणि विकणाऱ्यांनी

जुनं मशीन बघायला जाताना मल्टिमीटर आणि जाणता वायरमन सोबत न्या. इंजिन थंड असताना सुरू करायला सांगा. कोड पुसून ठेवलेले असू शकतात, म्हणून मशीन गरम होईपर्यंत खोदकाम करून बघा आणि मग पुन्हा कोड वाचा. सेकंडहँड कंट्रोलर घ्यावाच लागला तर पार्ट नंबर आणि आतला प्रोग्राम जुळतो का, हे पैसे देण्याआधी विचारा. बाहेरून सारखा दिसणारा डबा आतून वेगळा असू शकतो.

आणि विकणाऱ्या भावांना एकच विनंती. वायरिंगमध्ये दोष माहीत असेल तर तो सांगून भाव ठरवा. समोरच्याने त्या मशीनवर घर चालवायचं ठरवलेलं असतं. साठ ओहम आले की नाही, हे मोजायला पाच-दहा मिनिटं लागतात. तेवढी मिनिटं दोघांनी मिळून काढली, तर पुढचे वाद तिथेच मिटतात.