जाहिरातीची पारख मापानें करावी

अहिल्यानगर जिल्ह्यांतील हिवरे बाजार या गांवीं पाण्याचा ताळेबंद मांडून पिकें ठरविण्याची रीत आहे. पाऊस किती झाला, विहिरींना पाणी किती आहे, हें मोजून ग्रामसभा निर्णय घेते. हीच मापाची संवय खतें व औषधें विकत घेतांना लावावी, अशी आमच्या वाचकांस विनंती आहे.

हंगाम आला कीं भिंतींवर, वर्तमानपत्रांत व हल्लीं फोनवरही जाहिरातींचा सुकाळ होतो. "उत्पन्न दुप्पट" हे शब्द तर ठरलेलेच. पण दुप्पट कशाच्या? प्रयोग किती हंगाम झाला? शेजारीं औषधाविना वाफा राखला होता काय? इतकें विचारतांच पुष्कळ जाहिराती निरुत्तर होतात.

एक उदाहरण घेऊं. सन २०२१ मध्यें द्रवरूप नॅनो युरिया बाजारांत आला. त्याची ५०० मिलिलिटरची बाटली युरियाच्या ४५ किलोच्या गोणीची जागा घेते, असा प्रचार झाला. युरियांत नत्र ४६ टक्के. म्हणजे गोणींत २० किलो ७०० ग्रॅम. त्या बाटलींत नत्र ४ टक्के. म्हणजे अवघें २० ग्रॅम. जमिनींत टाकलेल्या युरियाचा बराच भाग वाया जातो, हें खरें. तथापि त्यांतील तिसरा हिस्साच पिकास मिळाला असें धरलें, तरी तो सुमारें ७ किलो भरतो. लुधियानाच्या पंजाब कृषि विद्यापीठानें दोन वर्षें प्रयोग केले. नेहमींच्या नत्राचा कांहीं भाग कमी करून हें द्रव्य फवारलें असतां गव्हाचें उत्पन्न २१.६ टक्के व भाताचें सुमारें १३ टक्के घटलें. उत्पादकांस हा निष्कर्ष मान्य नाहीं. परंतु वरील बेरीज-वजाबाकी लेबल वाचून कोणासही करतां येते.

म्हणून जाहिरातीपेक्षां लेबलावर विश्वास ठेवावा. खताच्या गोणीवर नत्र, स्फुरद, पालाश यांचें प्रमाण, बियाण्याच्या पिशवीवर उगवणशक्ति व चांचणीची तारीख, कीटकनाशकावर नोंदणी क्रमांक व मुदत पाहावी. "टॉनिक" म्हणून खपणारीं जैव-उत्तेजकें २०२१ पासून खत नियंत्रण आदेशाच्या कक्षेंत आलीं आहेत. तेव्हां त्यांचाही घटक-तपशील मागावा.

इतकें करूनही फसगत झाल्यास कायदा पाठीशीं आहे. बियाणें घेणारा शेतकरी हा ग्राहकच होय, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें २०१२ सालीं दिला. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वयें दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीस १० लाख व पुन्हां केल्यास ५० लाख रुपयांपर्यंत दंड होऊं शकतो. तक्रारीसाठीं १९१५ हा क्रमांक आहे. मात्र पावती, रिकामी पिशवी व थोडें बियाणें जपून ठेवावें. पुराव्यावांचून दावा उभा राहणें कठीण.

नवें द्रव्य घ्यावयाचेंच असल्यास प्रथम चार ओळींवर वापरावें, शेजारच्या चार ओळी तशाच सोडाव्या, आणि दोहोंचें पीक वेगळें तोलावें. सबंध शेताचा खर्च त्यानंतर करावा.