शेकाट्या

नगरहून छत्रपती संभाजीनगरकडे निघालेला प्रवासी नेवासे तालुक्याची हद्द ओलांडताना प्रवरासंगमाच्या पुलावर क्षणभर मान वळवतो, गोदामाईला हात जोडतो, जुन्या रिवाजाप्रमाणे एखादे नाणे पाण्यात टाकतो आणि पुढे जातो. परंतु त्याच पाण्याच्या कडेला, जेथे नदी सरून चिखल लागतो आणि चिखल सरून शेत लागते अशा अनिश्चित जागी, दोन गुलाबी काड्यांवर आपला काळापांढरा देह तोलून उभा असलेला एक पक्षी त्याच्या दृष्टीस सहसा पडत नाही. या पक्ष्याचे नाव शेकाट्या.

शेवग्याला आपल्याकडे काही भागांत शेकटा म्हणतात, आणि त्याच्या लांबसडक शेंगांवरून हे नाव पडले असावे असा माझा आपला एक तर्क आहे. व्युत्पत्तिकारांनी तो फेटाळला तरी माझी हरकत नाही. हिंदी मुलखात यालाच गजपाँव म्हणतात, आणि तो गज हत्ती नसून बजाजाच्या दुकानातला, कापड मोजण्याचा फारशी गज होय. लिनियसने १७५८ साली शास्त्राच्या दप्तरात या पक्ष्याची नोंद केली तेव्हा घेतलेल्या ग्रीक नावाचा, हिमँटोपसचा, अर्थही चामड्याच्या वादीसारख्या पायांचा असाच आहे. ज्याने ज्याने पाहिला, त्याची नजर आधी पायांवरच गेली.

आणि ते साहजिकच आहे. वजनाने हा पक्षी पावशेरही भरत नाही, पण पाय वीतभर लांब! देहाच्या मानाने इतके लांब पाय रोहित पक्षी वगळता दुसऱ्या कोणाला नाहीत. पंख काळेभोर, पोट आणि छाती शुभ्र, चोच सुईसारखी सरळ व काळी, डोळा माणकासारखा तांबडा. नराच्या पाठीवर हिरवट झाक असलेला तुकतुकीत काळा रंग, तर मादीच्या पाठीवर तपकिरी छटा. मानेवरचा करडा-काळा डाग मात्र पक्ष्यागणिक निराळा, म्हणून त्यावरून नर-मादी ओळखू पाहणाऱ्याची फसगत होते. याचे गुडघे उलटे वळतात असे मुले सांगतात आणि मोठेही ऐकून घेतात. वास्तविक पायाच्या मध्यावर दिसणारा तो सांधा गुडघा नसून घोटा होय, खरा गुडघा वर पिसांत दडलेला असतो. मागचे बोट त्याला नाहीच. उडताना हे पाय शेपटीच्या मागे तांबड्या दोऱ्यासारखे लोंबत जातात.

एवढ्या लांब पायांचे प्रयोजन पाहावयाचे तर हिवाळ्याच्या सकाळी जायकवाडी धरणाच्या फुगवट्यावर, म्हणजे शेवगाव वा नेवासे तालुक्याच्या बाजूने नाथसागराच्या काठी, जाऊन बसावे. तेथे पाण्याची वाटणी पायांच्या लांबीवर झालेली आढळते. अगदी कडेच्या ओल्या गाळात चिखले आणि तुतवार लगबगीने धावतात; त्यांच्यापुढे, पोटाला पाणी लागेल इतक्या खोलीपर्यंत, शेकाट्याचा अंमल; त्याही पलीकडे चित्रबलाक आणि, आले असतील त्या वर्षी, चोच उलटी बुडवून पाणी गाळणारे रोहित. शेकाट्या एकेक पाऊल मोजून टाकतो, पाणी गढूळ करीत नाही, आणि पृष्ठभागावरचे किडे, अळ्या, लहान गोगलगायी, बेडकांची पिले चोचीच्या टोकाने वेचून घेतो. तळाचा घास घ्यायचा झाला की उंच पायांमुळे बिचाऱ्याला जवळजवळ डोक्यावर उभे राहावे लागते.

यावरून ध्यानी येईल की या पक्ष्याला पाणी हवे ते उथळ. अकोले तालुक्यात १९२६ साली बांधून झालेले भंडारदऱ्याचे धरण कितीही रमणीय असले तरी त्याच्या खोल पाण्याचा आणि उभ्या काठांचा शेकाट्याला काडीचा उपयोग नाही. उलट १९७६ साली पुरा झालेला नाथसागर सपाट मुलखावर पसरलेला, सुमारे ५५ किलोमीटर लांब आणि २७ किलोमीटरपर्यंत रुंद. पाणी हातभर उतरले की मैलभर काठ उघडा पडतो. १९८६ साली शासनाने येथे पक्षी अभयारण्य जाहीर केले. तथापि शेकाट्या अभयारण्यावर अवलंबून नाही. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतल्या या नगर जिल्ह्यात पाणी म्हणजे बहुतांशी माणसाने अडवलेले पाणी. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडून पोट भरणाऱ्यांनी उभारलेले पाझर तलाव, कालव्याची पाझरट शेते, साखर कारखान्यांच्या मागची दुर्गंधी डबकी, गावगटारांची तळी, यांतले काहीही त्याला चालते. शुद्ध निसर्गाच्या शोधात निघालेल्या रसिकांना हा तपशील रुचत नाही. मला मात्र या पक्ष्याचे हे रोखठोक व्यवहारज्ञान आवडते.

उन्हाळ्यात पाणी मागे सरले म्हणजे त्याच उघड्या गाळावर दोन दावेदार येतात. एक शेतकरी, ज्याला ही गाळपेराची जमीन सरकारकडून एकसाली मिळते आणि तीत पीक विनाखताचे येते. दुसरा शेकाट्या, ज्याच्या वहिवाटीची नोंद कोणत्याही सातबाऱ्यावर नाही. साधारणतः एप्रिल ते ऑगस्ट या काळात, पाण्याजवळच्या उघड्या जमिनीत एक उथळ खळगी करून, किंवा पाण्यातच चिखल, खडे व काटक्या यांचा लहानसा ओटा रचून, मादी बहुधा चार अंडी घालते. मातकट रंगावर काळे ठिपके असलेली ती अंडी ढेकळांत इतकी मिसळून जातात की पाऊल पडेपर्यंत दिसत नाहीत. नर आणि मादी आळीपाळीने सुमारे साडेतीन आठवडे ती उबवतात. उबवतात म्हणणेही अपुरेच, कारण वैशाखाच्या उन्हात खरी निकड अंडी थंड ठेवण्याची असते. त्यासाठी हे पक्षी पुन्हा पुन्हा पाण्यात उतरून पोटाची पिसे भिजवतात आणि ते ओले पोट अंड्यांवर आणून टेकवतात. पाणी चढू लागले तर काड्या-चिखल खाली सारून घरटे उंच करण्याची त्यांची धडपड चालते. पिले अंड्यातून निघताच थोड्या वेळात पळू लागतात, आणि महिन्याभराने उडतात.

कुत्रे, कावळा वा माणूस जवळ आला की सारी वसाहत एकदम वर उठते आणि किक्-किक् असा कर्कश गिल्ला करीत डोक्यावर घिरट्या घालते. एखादा पक्षी पंख मोडल्याची बतावणी करून दूर खुरडत जातो. वाचकांपैकी कोणी उन्हाळ्यात नाथसागराच्या काठी गेले आणि असा गिल्ला सुरू झाला, तर त्या खुरडणाऱ्या पक्ष्याच्या मागे जाऊ नये, छायाचित्रासाठी थांबूही नये; पायाखाली पाहत, ज्या वाटेने आलो त्याच पावलांच्या ठशांवरून माघारी फिरावे.