व्हेसुव्हियसच्या छायेत

डॉक्टरांच्या सहलीत वैद्यक सहसा मागे राहते. नेपल्सच्या परिसरात मात्र ते पावलोपावली भेटते. २०२४ च्या ऑक्टोबरात आम्ही उभयता रोमहून रेल्वेने या शहरी आलो, तेव्हा उपसागरापलीकडे व्हेसुव्हियसची दुभंगलेली आकृती निळसर धुक्यात उभी होती.

पहिला दिवस तेथील पुराणवस्तू संग्रहालयाला दिला. पॉम्पेईत सापडलेले चिमटे, शलाका, मूत्रनलिका आणि स्क्रूने उघडणारे स्पेक्युलम पाहून स्त्रीरोगतज्ज्ञ असलेली सौ. बराच वेळ काचेपाशी खिळून राहिली. "मूळ कल्पना तीच, धातू तेवढा बदलला," एवढेच ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पॉम्पेईत 'शल्यवैद्याचे घर' पाहिले. घरात सापडलेल्या उपकरणांवरून त्याला हे नाव पडले. इ. स. ७९ मधील उद्रेकाने हे नगर राखेखाली गाडले. देह विरून राखेत पोकळ्या उरल्या होत्या. त्यांत जिप्सम ओतून फिओरेल्ली याने १८६३ पासून मृतांचे साचे घेतले. तोंडावर हात धरलेल्या त्या आकृती पाहताना आवाज आपोआप खाली येतो.

त्याच उद्रेकात थोरला प्लिनी गेला. मिसेनम येथील आरमाराचा हा प्रमुख किनाऱ्यावरील लोकांना सोडविण्यासाठी जहाजे घेऊन निघाला आणि स्टॅबिएच्या किनाऱ्यावर कोसळला. त्याची श्वासनलिका अरुंद होती व वारंवार सुजत असे, असे त्याच्या भाच्याने टॅसिटसला कळविले आहे. सोबतचे लोक वाचले, मग वायूने एकटा तोच कसा गेला? सौ.चे निदान दमा, माझे हृदयविकार. परतीच्या गाडीतही हा वाद मिटला नाही.

तिसऱ्या दिवशी व्हेसुव्हियसवर गेलो. उंची सुमारे १,२८० मीटर. बस बरीच वर नेते, पुढे भुसभुशीत राखेतून पायी चढण. मुखाच्या कडेवर अजूनही वाफेच्या बारीक रेषा निघतात. शेवटचा उद्रेक १९४४ चा. उतारावर द्राक्षमळे, जर्दाळूच्या बागा आणि घडांनी टांगून ठेवायचे छोटे टोमॅटो. ही सुपीकता लाव्ह्याची देणगी. आपल्या माळव्याची काळी मातीही सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यापासूनच झाली. फरक इतकाच, की आपला अग्नी केव्हाच निवाला.

येथला निवालेला नाही. धोक्याच्या पट्ट्यात सुमारे ७ लाख लोक राहतात. शासकीय योजनेनुसार अंतिम इशाऱ्यानंतर ७२ तासांत सर्वांना हलवायचे. रुग्णालये मात्र त्याआधीच रिकामी करायची.

या नियमाचे मोल नेपल्सच्या जेझू नुओव्हो चर्चमध्ये उमगते. काळसर ज्वालामुखी दगडाच्या टोकदार दर्शनी भिंतीमागे डॉ. ज्युझेप्पे मोस्काती यांची समाधी आहे. एप्रिल १९०६ च्या उद्रेकात राख पडत असताना पंचविशीतील हा डॉक्टर पायथ्याच्या तोर्रे देल ग्रेको येथील रुग्णालयात धावला आणि वृद्ध, पंगू रुग्णांना बाहेर काढवले. त्यानंतर लगेच राखेच्या भाराने छत कोसळले. १९८७ मध्ये चर्चने त्यांना संतपद दिले.

समाधीपाशी माणसे आजही आजाऱ्यांसाठी प्रार्थना करतात. आपण व्यवसायबंधूंनी मात्र तेथून एक साधा प्रश्न घेऊन यावे: भूकंप, पूर वा आग आली, तर आपल्या रुग्णालयातील अंथरुणाला खिळलेला रुग्ण कोण, कोणत्या जिन्याने आणि किती मिनिटांत बाहेर काढील? उत्तर छत शाबूत असतानाच तयार हवे.