मँक्स बगी गाडीचे सुटे भाग ओळखताना

‘मेयर्स मँक्सचा फ्युएल पंप’ नावाची वस्तू मुळात बनलेलीच नाही. ब्रूस मेयर्स यांनी 1964 साली कॅलिफोर्नियातल्या न्यूपोर्ट बीच इथे फायबरग्लासची पहिली मँक्स बगी घडवली आणि पुढे तिचं किट विकलं. बॉडी त्यांची, इंजिन, गिअरबॉक्स, चॅसी गिऱ्हाइकाने जुन्या फोक्सवॅगन बीटलची आणायची. चॅसी सुमारे 36 सेंटीमीटर कापून आखूड करायची आणि वर बॉडी चढवायची. 1967 साली याच पहिल्या बगीने मेक्सिकोतली बाहाची वाळवंटी शर्यत जिंकली आणि मागणी उसळली. नक्कल करणारेही पुष्कळ निघाले. मेयर्स यांचं पेटंट कोर्टात टिकलं नाही.

इंजिन-चॅसी जुन्या बीटलची असल्याने आज अशी गाडी दुरुस्तीला काढली, की कागदावरचं साल चॅसीचं असतं, इंजिन भलत्याच सालचं आणि कार्बोरेटर कुणीतरी मधेच बदललेला. भाग मागवायचे ते इंजिन वाचून. जनरेटरच्या स्टँडखाली क्रँककेसवर नंबर ठोकलेला असतो. पहिलं अक्षर एच असेल तर इंजिन 1500 सीसीचं. एफ असेल तर 1300 चं.

खरी मेख पंपात आहे. हा यांत्रिक पंप इंजिनातल्या एका पुशरॉडवर चालतो. जनरेटरच्या इंजिनावर सरळ उभा पंप आणि 108 मिलिमीटरचा रॉड. अल्टरनेटर आला तशी जागा अडली, पंप तिरका झाला आणि रॉड 100 मिलिमीटरचा. बाहेरून दोन्ही पंप बसतात, इथेच घात होतो. तिरक्या पंपाखाली लांब रॉड राहिला तर दाब वाढून पेट्रोल कार्बोरेटरमध्ये उतू जातं, नाहीतर पंपच मोडतो. उलट जोडी झाली तर पेट्रोल पुरत नाही. नवा पंप घेण्याआधी जुना रॉड काढून व्हर्नियरने मोजावा. याला पर्याय नाही.

सोलेक्स कार्बोरेटरच्या अंगावरच नाव कोरलेलं असतं: 30 पिक्ट, 34 पिक्ट-3. आकडा म्हणजे थ्रॉटलच्या तोंडाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. 34 चा पाया मोठा, तो जुन्या मॅनिफोल्डवर तसाच बसत नाही. चोक 6 व्होल्टचा की 12 चा, तेही पाहावं. बीटलची वायरिंग साठच्या दशकात बदलली.

रबरी पाईप मात्र जुना नमुना शोधत बसू नये. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल जुन्या रबराला फुगवतं, चिरा पाडतं. पाईपवर एसएई जे30 आर9 छापलेलं असेल तर घ्यावा. कार्बोरेटरला पेट्रोल देणारी पितळी नळी फक्त दाबून बसवलेली असते. हाताने हलली तर गाडी चालवू नये, कारण ती निसटली की पेट्रोल थेट तापलेल्या इंजिनावर पडतं. त्या नळीच्या पाईपवर फिल्टर लटकवायची पद्धत सर्रास आहे. ती सोडावी आणि फिल्टर टाकीजवळ, इंजिनापासून दूर बसवावा.