दुखापतीनंतर वजन वाढतं, ताकद जाते : पुन्हा फिट होताना आधी काय करायचं?

४ सप्टेंबर २०२४. पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये गोळाफेकीच्या एफ-४६ गटाची फायनल सुरू होती. भारताच्या सचिन खिलारींनी १६.३२ मीटरवर गोळा टाकला. आशियाई विक्रम झाला आणि रौप्यपदक मिळालं. सुवर्ण हुकलं ते फक्त ६ सेंटिमीटरनं. कॅनडाच्या ग्रेग स्टीवर्टचा गोळा १६.३८ मीटरवर पडला होता.

हे खिलारी आपल्या सांगली जिल्ह्यातले, आटपाडी तालुक्यातल्या करगणीचे. शाळेत असताना सायकलवरून पडले आणि डाव्या हाताला दुखापत झाली. पुढं त्या हातात गँगरीन झालं, कोपरापाशी स्नायू गेले. अनेक ऑपरेशनं झाली, तरी हात पहिल्यासारखा झाला नाही. त्यानंतर ते इंजिनिअर झाले, भालाफेकीत उतरले, २०१७ मध्ये जयपूरच्या राष्ट्रीय पॅरा स्पर्धेत सुवर्णपदक मिळवलं. मग पुन्हा दुखापत झाली, भाला सुटला आणि ते गोळाफेकीकडं वळले. त्याच गोळ्यानं त्यांना २०२३ आणि २०२४ अशी सलग दोन वर्षं जगज्जेता केलं.

आता आपल्यातल्या बहुतेकांना पदक जिंकायचं नसतं. गाडीवरून पडून पाय मोडलेल्या माणसाला परत रानात जायचं असतं, जिना चढायचा असतं, कामावर हजर व्हायचं असतं. पण दोन-तीन महिने खाटेवर काढल्यावर आरशात दिसतं ते वेगळंच. पोट सुटलंय आणि मांडी बारीक झालीय. मग पहिला विचार येतो, जेवण कमी करू. इथंच गडबड होते.

पडून राहिल्यावर शरीरात काय होतं?

स्नायू वापरला नाही की शरीर तो सांभाळत बसत नाही. नेदरलँड्समध्ये निरोगी तरुणांचा एक पाय मुद्दाम प्लास्टरमध्ये ठेवून हे मोजलं गेलं. ५ दिवसांत मांडीच्या पुढच्या स्नायूचा आकार साडेतीन टक्क्यांनी घटला, १४ दिवसांत आठ टक्क्यांहून जास्त. ताकद तर १४ दिवसांत सुमारे २३ टक्क्यांनी कमी झाली. म्हणजे स्नायू दिसायला जेवढा बारीक होतो, त्याहून कितीतरी जास्त कमजोर होतो.

दुसरीकडं हालचाल थांबल्यानं खर्च होणारी ऊर्जा कमी होते, पण ताट तेवढंच राहतं. उलट पाहुणे येताना डिंकाचे लाडू घेऊन येतात. त्यामुळं एकाच वेळी स्नायू जातो आणि चरबी येते. अशा वेळी वजनकाटा फसवतो. तो ४ किलो जास्त दाखवत असेल, तर वाढलेली चरबी त्याहूनही जास्त असू शकते.

मग जेवण तोडायचं का?

हाड आणि जखम भरत असताना नाही. दुरुस्तीच्या कामाला शरीराला ऊर्जा आणि प्रोटीन दोन्ही लागतं. तेव्हा उपाशी राहिलात तर चरबीसोबत स्नायूही जातो आणि जखम भरायला वेळ लागतो.

भारतात निरोगी माणसासाठी दिवसाला वजनाच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रोटीनची शिफारस आहे. ६० किलोच्या माणसाला साधारण ५० ग्रॅम. मोठ्या दुखापतीनंतर डॉक्टर हे प्रमाण बऱ्याचदा किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅमपर्यंत न्यायला सांगतात, म्हणजे ७२ ते ९० ग्रॅम. किडनीचा आजार असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय वाढवू नका.

यासाठी महागडा डबा लागतोच असं नाही. माणदेशातलं हुलग्याचं माडगं आठवा. ५० ग्रॅम हुलग्यात किंवा मटकीत साधारण ११ ग्रॅम प्रोटीन असतं. दोन अंड्यांत १२, पेलाभर दुधात ८ आणि मूठभर शेंगदाण्यांत ७ ग्रॅम. पायाचं सूप प्या, पण त्यावर विसंबू नका. त्यातलं प्रोटीन मुख्यतः जिलेटिनचं असतं आणि स्नायूसाठी ते अपुरं पडतं. कमी करायचेच असतील तर साखरेचा चहा, फरसाण, बिस्किटं आणि ते लाडू कमी करा. विडी-सिगारेट बंदच करा, त्यानं हाड जुळायला उशीर लागतो. मिसरी-तंबाखूही सोडलेली बरी.

व्यायाम कधी सुरू करायचा?

दुखापतीच्या पहिल्या टप्प्यापासूनच, पण डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट सांगतील तेवढाच.

प्लास्टरमध्ये असताना जे हलवायची परवानगी आहे ते हलवा. पाय मोडलाय तर हात, खांदे आणि दुसरा पाय रिकामे आहेत. पाय न हलवता मांडीचा स्नायू काही सेकंद घट्ट करून सोडणं हाही व्यायाम असतो.

प्लास्टर निघाल्यावर आधी सांधा मोकळा करायचा, मग ताकद आणायची, दम वाढवणं त्यानंतर. आपण नेमकं उलटं करतो. पहिल्याच आठवड्यात वजन उतरवायला पळायला जातो आणि गुडघा सुजवून घेतो.

वजन उतरवणं शेवटी येतं, पण ते महत्त्वाचं आहे. गुडघ्याची झीज झालेल्या जाड माणसांवरच्या अभ्यासात १ किलो वजन कमी झालं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे ४ किलोनं हलका होतो असं दिसलंय. घाई मात्र नको, आठवड्याला अर्धा किलो पुरे.

खासगी फिजिओथेरपी परवडत नसेल तर शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चौकशी करा. रोज जाणं जमत नसेल तर एकदा जाऊन घरी करायचे व्यायाम नीट शिकून घ्या.

प्रगती मोजायची कशी?

वजनकाट्यासोबत दोन गोष्टी लिहून ठेवा. पहिली, कमरेचा घेर. आपल्याकडं पुरुषांचा ९० आणि बायकांचा ८० सेंटिमीटरपेक्षा जास्त असला तर धोका समजतात. दुसरी, हातांचा आधार न घेता ३० सेकंदांत खुर्चीवरून किती वेळा उठता येतं. ही चाचणी परवानगी मिळाल्यावरच, कुणीतरी जवळ असताना करा. उठण्याचा आकडा वाढतोय आणि कंबर कमी होतेय म्हणजे गाडी रुळावर आहे, काटा हलो न हलो.

वाट न बघता दवाखाना कधी गाठायचा?

प्लास्टर किंवा पट्टीखाली बोटं निळी, थंड, बधिर पडली किंवा वेदना वाढतच चालली तर त्याच क्षणी. रक्तपुरवठा थांबला की गँगरीन होतं. हाडवैद्याकडं फळ्या लावून घट्ट बांधून घेतलेल्या हातापायांत हा धोका असतो. पोटरी अचानक सुजून दुखायला लागली किंवा दम लागून छातीत दुखलं, तर रक्ताची गुठळी असू शकते. तेव्हा मालिश करू नका, थेट रुग्णालयात जा.

पहिल्यासारखं होता येतं का?

बऱ्याचदा हो, कधी कधी नाही. सांगली जिल्ह्यातल्याच पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर सैन्यात बॉक्सर होते. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या आणि कमरेखालचं शरीर लुळं पडलं. उपचाराचा भाग म्हणून ते पोहायला लागले. १९७२ मध्ये जर्मनीतल्या हायडलबर्गला त्यांनी ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पोहून पॅरालिम्पिकमधलं भारताचं पहिलं सुवर्णपदक जिंकलं.

पेटकरांना बॉक्सिंग परत मिळालं नाही, खिलारींना भाला मिळाला नाही. दोघांनीही शरीरात जे शिल्लक होतं त्यावर काम केलं. तुमचा पाय नुकताच प्लास्टरमधून निघाला असेल, तर आज ताटात प्रोटीन वाढवा आणि फिजिओथेरपिस्टनं सांगितलेले दहा मिनिटांचे व्यायाम चुकवू नका. वजनाचं नंतर बघू.