घड्याळ शेतकऱ्याचे, नाव कोणाचे?

सोन्याहिऱ्यांची महागडी घड्याळे आणि दागिने घडवणारी 'पियाजे' ही पेढी जगभर नावाजलेली आहे. पण शेतकरी बंधुभगिनींनो, तिचा जन्म एका शेतकऱ्याच्या घरात झाला, हे आपणांस ठाऊक आहे काय?

स्वित्झर्लंडमधील जुरा डोंगरात ला कोत-ओ-फे नावाचे खेडे आहे. हिवाळ्यात तेथील शेते बर्फाखाली जातात आणि शेतीची कामे थांबतात. त्या दिवसांत या डोंगरातील शेतकरी घरी बसून घड्याळांचे भाग घडवीत. १८७४ साली जॉर्ज एदुआर पियाजे यांनी आपल्या शेतावरील घरातच असा कारखाना काढला. घड्याळाच्या आतील यंत्र ते तयार करीत.

काम चोख होते. परंतु तबकडीवर नाव मात्र ते यंत्र विकत घेणाऱ्या कंपनीचे! पिकवायचे एकाने आणि मिरवायचे दुसऱ्याने, असा तो प्रकार.

हे बदलायला ६९ वर्षे लागली. १९४३ साली जेराल्ड आणि व्हॅलेंटिन या नातवांच्या काळात 'पियाजे' हे नाव रीतसर नोंदवले गेले. १९५७ साली पेढीने अवघे २ मिलिमीटर जाडीचे यंत्र सादर केले. यंत्र इतके पातळ, की तबकडीसाठी रंगीत रत्नांच्या चकत्या बसवण्यास जागा झाली. त्यातून घड्याळाचा दागिना झाला.

१९८८ साली पेढीची मालकी मोठ्या कंपनीकडे गेली. तरी तबकडीवर आजही नाव आहे ते त्या शेतकरी घराण्याचेच.

आपल्या घरचा गूळ, हळद, तांदूळ बाजारात कोणाच्या नावाने विकला जातो, हे एकदा पाहाल ना?