बेडूक बोलतो, तो कोणाशी?

पहिला मोठा पाऊस झाला, शेताच्या खोलगटात आणि ओढ्यात पाणी साचले की त्या रात्री आपल्या धाराशिव जिल्ह्यात बेडकांचा एकच गलबला उठतो. थंड देशांत ही गाणी वसंतात ऐकू येतात. आपल्याकडे मृगाच्या पावसात. नीट कान दिला तर त्यातला एकेक आवाज वेगळा ओळखता येतो.

खोल, जड 'डरांव डरांव' हा मोठ्या बेडकाचा. या दिवसांत त्याचा नर हळदीसारखा पिवळा होतो आणि गळ्याशी दोन निळ्या पिशव्या फुगवतो. बराच वेळ चालणारा 'कुर्रर्र' हा खरबरीत अंगाच्या भेकाचा. कंगव्याच्या दातांवरून नख ओढावे तसा आवाज आला, तर तो बोटाच्या पेराएवढ्या चिमुकल्या बेडकाचा!

ओरडतो तो नर. मादी आपल्याच जातीचा आवाज ओळखून त्याच्याकडे जाते आणि साचलेल्या पाण्यात अंडी घालते. म्हणजे बेडूक पावसाला बोलावत नाही. पाऊस आला म्हणून तो मादीला बोलावतो.

हे सांगण्याचे कारण आहे. आमच्या लहानपणी पावसाने ओढ दिली की गावात धोंडी निघे. काठीला बेडूक बांधायचा, पोराच्या अंगाला लिंबाचा पाला गुंडाळायचा आणि दारोदार पाणी ओतून घ्यायचे. पाऊस साऱ्या गावाला हवा, पाला मात्र आमच्या वस्तीतल्या पोरांच्या अंगाला! आम्हीही ती काठी धरली आहे. संध्याकाळपर्यंत बेडूक मेला; पाऊस काही आला नाही.

कारणाशिवाय कार्य घडत नाही, हे तथागतांनी शिकविले. पावसाळ्यात फिरताना लहान जीव पायाखाली मरू नयेत, हेही भिक्खूंच्या वर्षावासामागचे एक कारण होते. बेडूक तर पिकांवरचे किडे खाणारा शेतकऱ्याचा सोबती. म्हणूनच १९८७ साली भारत सरकारने बेडकाच्या तंगड्यांची निर्यात बंद केली.

तेव्हा माता-पित्यांनो, या पावसाळ्यात मुलांना अंगणात घेऊन बसा. ऐकलेले आवाज वहीत लिहून घ्या. विंचू-काट्याची रात्र असते, म्हणून बॅटरी जवळ ठेवा आणि पाण्याच्या कडेला एकट्याला सोडू नका. आमच्या हातात काठी दिली गेली; आपल्या मुलांच्या हातात वही द्या.

जयभीम!